क्यू, एक्स, झेडची पानं कोरी का राहतात? इंग्रजीतला अनुप्रास आणि कमी वापरातली अक्षरं



इंग्रजीच्या तासाला आपल्यापैकी बरेच जण एक उपक्रम घेतात. वहीचं एक पान एका अक्षराला द्यायचं आणि त्या अक्षराने सुरू होणारे शब्द वापरून एक गमतीदार वाक्य करायचं. बी, पी, एस, एम यांची पानं दहा मिनिटांत भरतात. मिकी माउस, डोनाल्ड डक ही नावं मुलांना माहीतच असतात, त्यामुळे 'सारखी सुरुवात' म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पण क्यू, एक्स, झेड, व्ही, वाय ही पानं आली की वर्ग शांत होतो. कोणी क्वीन लिहून थांबतं, कोणी झेब्रा लिहून थांबतं. एक्सच्या पानावर तर फक्त तक्त्यावरचं झायलोफोनचं चित्र उतरवलेलं असतं.

मग आपण म्हणतो, "जाऊ दे, ही अवघड अक्षरं सोडून द्या." माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हीच पानं नीट घेतली तर इंग्रजी वाचनातली सगळ्यात मोठी गाठ सुटते. ती गाठ म्हणजे अक्षर वेगळं आणि आवाज वेगळा. आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही चौथी-पाचवीतलं मूल मोठ्याने वाचायला उभं राहिलं की 'नाइफ'ला 'क्नाइफ' म्हणतं, वर्ग हसतो आणि ते मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही. त्या मुलाची चूक एवढीच असते की, त्याने अक्षरावर विश्वास ठेवला. अक्षराऐवजी कानावर विश्वास ठेवायला अनुप्रास शिकवतो.

अनुप्रास डोळ्यांचा नाही, कानाचा

मराठी व्याकरणात अनुप्रास म्हणजे वाक्यात एखाद्या वर्णाची पुन्हा पुन्हा आवृत्ती होणं. तो वर्ण शब्दात कुठेही चालतो. इंग्रजीत ज्याला अलिटरेशन म्हणतात, त्यात मुख्यतः शब्दांच्या सुरुवातीचा आवाज सारखा लागतो. आपल्या रोजच्या बोलण्यातही अशा जोड्या भरपूर आहेत : गोरगरीब, कामकाज, धनधान्य, साधासुधा, बाडबिस्तरा. सुरुवात यांच्यापासूनच करावी. मुलांना कळतं की ही काही परकी गोष्ट नाही.

मराठीत बहुतेक वेळा जसं लिहितो तसंच बोलतो, म्हणून अनुप्रास डोळ्यांनीही दिसतो. पण मराठीतही अपवाद आहेत बरं का. 'चाक' आणि 'चिमणी' हे शब्द मोठ्याने म्हणा. अक्षर एकच, पण च चे आवाज दोन. 'जागा' आणि 'जेवण' यांचंही तसंच. वर्गात हे म्हणून दाखवलं की मुलं चकित होतात, कारण रोज बोलत असूनही त्यांचं तिकडे लक्ष गेलेलं नसतं. इथे मुलांना सांगायचं, "मराठीत हे थोड्या अक्षरांचं होतं, इंग्रजीत पुष्कळ अक्षरांचं होतं."

इंग्रजीत अक्षरं २६, पण आवाज सुमारे ४४. म्हणजे एकेका अक्षराला दोन-तीन कामं करावी लागणारच. कॅट आणि सिटी दोन्ही सी ने सुरू होतात, पण अनुप्रास होत नाही. उलट कॅट आणि काइट यांची अक्षरं वेगळी, सी आणि के, तरी अनुप्रास झाला. फोन पी ने सुरू होतो आणि फिश एफ ने, तरी कानाला सुरुवात सारखीच. हा एक नियम फळ्यावर ठळक लिहावा : अक्षर पाहू नका, आवाज ऐका.

ही अक्षरं कमी का वापरली जातात?

इंग्रजी मजकुरात सगळ्यात कमी येणारी चार अक्षरं म्हणजे झेड, क्यू, एक्स आणि जे. स्क्रॅबल हा शब्दखेळ पाहिला असेल तर हे लगेच पटेल. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून या खेळातले गुण ठरवले. त्यात क्यू आणि झेडला १० गुण, जे आणि एक्सला ८ गुण आणि या चारही अक्षरांची सोंगटी एकेकच. ई ला मात्र १ गुण आणि सोंगट्या १२.

यामागे इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत व्ही च्या आवाजाने शब्द सुरूच होत नसत. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि व्हॉइस, व्हिलेज, व्हॅली, व्हिजिट, व्हिक्टरी असे शब्द फ्रेंचमधून आत आले. झेब्रा, झीरो, झोन हेही बाहेरून आलेले पाहुणे. एक्सची तर गोष्टच वेगळी. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दकोशात एक्सने सुरू होणारा एकही शब्द दिलेला नाही. इंग्रजीत असा शब्दच नाही, असं त्यांनी नोंदवून टाकलं होतं. पुढे १८१३ मध्ये लंडनमध्ये उच्चाराच्या सरावासाठी पीटर पायपरच्या नावाचं एक छोटं पुस्तक निघालं. त्यात प्रत्येक अक्षरासाठी अनुप्रासाचं कडवं आहे, पण एक्स, वाय, झेड या तिघांना शेवटी एकत्रच आटोपून टाकलं आहे. म्हणजे आपल्या मुलांची पानं कोरी राहतात यात नवल नाही. मोठ्या मोठ्यांनीही तिथे हात टेकले आहेत.

पण कमी वापर असण्याचा एक फायदाही आहे. एस किंवा टी चे शब्द वाक्यात सहजच येत असतात, त्यामुळे अनुप्रास जाणवायला तीन-चार शब्द लागतात. झेड किंवा क्वचे दोनच शब्द शेजारी आले तरी कान टवकारतात. म्हणजे मुलांना लांब वाक्य करायची गरज नाही, दोन शब्दांची जोडी पुरते.

आता एकेक अक्षर घेऊ

क्यू : या अक्षराच्या मागे जवळपास नेहमी यू येतो आणि दोघं मिळून 'क्व' असा आवाज करतात. क्वीन, क्विक, क्वाएट, क्वेश्चन, क्विझ, क्वार्टर. आपल्याकडच्या मुलांना आणखी एक शब्द चांगलाच माहीत आहे : क्विंटल! कापूस, सोयाबीन, कांदा सगळा क्विंटलमध्येच मोजला जातो. फळ्यावर त्याचं इंग्रजी स्पेलिंग लिहा, क्यू पाहून मुलं खूश होतात. वाक्य : 'द क्वाएट क्वीन आस्क्ड अ क्विक क्वेश्चन.' एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'क्यू' म्हणजे रांग, या शब्दात अक्षर क्यूच आहे, पण आवाज क्व नाही, 'क्य' आहे. त्यामुळे तो क्वीनच्या जोडीला पूर्ण बसत नाही.

झेड आणि जे : हे दोन आवाज आपल्याकडे सर्रास एकमेकांत मिसळतात. त्याचं कारण आपण रोज पाहतो. 'जिल्हा परिषद' आपण ज ने बोलतो, पण इंग्रजी पाटीवर सुरुवातीला झेड असतो, म्हणून तर आपण 'झेडपी' म्हणतो. फरक शिकवण्याची सोपी युक्ती अशी : झेडचा आवाज लांबवता येतो, मधमाशी गुणगुणते तसा, श्वास संपेपर्यंत. 'जॅम'मधला ज लांबवता येत नाही, कारण जीभ टाळूला लागून आवाज अडतो आणि सुटतो. 'झाड'मधला आपला झ सुद्धा जीभ टेकवूनच निघतो. इंग्रजी झेडमध्ये जीभ टेकत नाही, फटीतून हवा वाहत राहते.

झेडचे शब्द : झू, झेब्रा, झिप, झीरो, झूम, झिगझॅग. वाक्य : 'झीरो झेब्राज इन द झू.'

जे चे शब्द : जॅम, जग, ज्यूस, जीन्स, जम्प, जंगल. इथे मुलांना आवर्जून सांगा की, इंग्रजीतला जंगल हा शब्द आपल्याच भाषांमधून तिकडे गेलेला आहे. आणि जी अक्षराचे काही शब्दही याच पानावर येतात : जिराफ, जिम, जायंट, जर्म. म्हणून 'जॉली जिराफ जम्प्ड इन द जंगल' हे वाक्य अगदी बरोबर, जरी जिराफचं स्पेलिंग जी ने सुरू होत असलं तरी. पण गोट आणि गर्ल या पानावर चालणार नाहीत.

एक्स : तक्त्यावर 'एक्स फॉर झायलोफोन' लिहिलेलं असतं. हा शब्द ग्रीक मुळाचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला 'क्स' म्हणणं जड जातं, म्हणून तिथे आवाज झ झाला. मूल त्यावरून शिकतं की एक्स म्हणजे झ, आणि मग पुस्तकात बॉक्स, फॉक्स, सिक्स आले की गोंधळतं, कारण तिथे एक्स म्हणजे 'क्स'. काही तक्त्यांवर 'एक्स-रे' असतो. त्याची सुरुवात तर 'ए' या स्वराने होते, म्हणजे तो एग आणि एलिफंटच्या जोडीचा.

यावर माझा उपाय असा आहे. झ आवाजाचे एक्सवाले शब्द झेडच्या पानावर पाहुणे म्हणून घ्यावेत. त्यातला एक शब्द प्रत्येक गावात पाटीवर असतो : झेरॉक्स! शब्द एक्सने सुरू होतो आणि एक्सनेच संपतो, पण सुरुवातीला आवाज झ आणि शेवटी क्स. एकाच शब्दात धडा पूर्ण. मुलांना वाक्य करायला सांगा : 'द झेब्रा वेंट फॉर अ झेरॉक्स.' आणि एक्सच्या स्वतःच्या पानावर अनुप्रासाचा हट्ट न धरता शेवटचा आवाज जुळवावा : फॉक्स, बॉक्स, सिक्स, मिक्स.

व्ही आणि डब्ल्यू : मराठीत दोघांसाठी आपल्या तोंडात एकच व आहे. इंग्रजीत व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकतात. डब्ल्यू म्हणताना दात लागत नाहीत, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल होतात. छोटा आरसा असेल तर मुलांना स्वतःचं तोंड बघायला द्या, दोन मिनिटांत फरक कळतो.

मराठी लेखनात आपण व्हीसाठी 'व्ह' आणि डब्ल्यूसाठी 'व' लिहितो : व्हॅन, व्हिडिओ, पण वॉच, वॉटर. पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. डब्ल्यू-एच असेल तिथेही आपण 'व्ह' लिहितो : व्हाइट, व्हील, व्हेल. त्यामुळे 'व्हाइट व्हॅन' हा देवनागरीत सुंदर अनुप्रास दिसतो, पण इंग्रजी कानाला तो अनुप्रासच नाही. एक ओठांचा गोल, दुसरा दातांचा. 'व्हाइट वॉल' मात्र खरा अनुप्रास, जरी लिहिताना वेगळा दिसला तरी. व्हीचं वाक्य : 'व्हिक्टर्स व्हॅन व्हिजिटेड द व्हॅली.' डब्ल्यूचं : 'वेट व्हील्स इन विंटर वॉटर.' आणि हो, 'वन' म्हणजे एक, याचं स्पेलिंग ओ ने सुरू होतं, पण त्याची जागा डब्ल्यूच्याच पानावर.

वाय आणि यू : यलो, यस, यार्ड, यंग, याक, योगा हे वायचे सरळ शब्द. पण युनिफॉर्म, युनिट, युनिकॉर्न, इतकंच काय युरोपसुद्धा 'य' नेच सुरू होतात. स्पेलिंग मात्र यू आणि ई ने. आमच्या तिसरीच्या वर्गात शब्दपट्ट्या खोक्यांत टाकायचा खेळ चालू असताना एका मुलाने युनिफॉर्मची पट्टी वायच्या खोक्यात टाकली. बाकीची मुलं ओरडली, "चुकला, चुकला!" त्याला विचारलं, "का रे टाकलीस?" तो हळूच म्हणाला, "बाई, यलोसारखं ऐकू येतं." वर्गात त्या दिवशी तो एकटा बरोबर होता. मग सगळ्यांनी मिळून 'यलो युनिफॉर्म' म्हणून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. एरवी वाचायला मागे राहणारं ते मूल. त्याचा कान मात्र पक्का होता, आणि कानाचे गुण आपण कधी देतच नाही.

मुके के : नी म्हणजे गुडघा, नाइफ, नॉक, नॉट म्हणजे गाठ. या सगळ्यांच्या सुरुवातीला के आहे, पण तो बोलत नाही. म्हणून ते एनच्या पानावर : 'नीना नॉक्ड हर नी.' मुलं हमखास विचारतात, "बोलत नाही तर लिहितात कशाला?" उत्तर आहे. जुन्या इंग्रजीत हा क स्पष्ट उच्चारला जात असे. त्या काळच्या कवितेत यमक नसायचं, ओळ बांधली जायची ती अनुप्रासाने. 'बेओवुल्फ' हे तीन हजारांहून जास्त ओळींचं काव्य तसंच आहे. त्या काळी 'किंग' आणि 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दांचा अनुप्रास होऊ शकत होता, कारण दोन्हींची सुरुवात क ने होती. पुढे साधारण १७ व्या शतकात बोलण्यातून तो क गळाला, लिहिण्यात मात्र राहिला. स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चाराचा फोटो, असं सांगितलं की मुलांना पटतं. असाच मुका डब्ल्यू राइट आणि राँगमध्ये आहे, ते शब्द आरच्या पानावर.

सुरुवातीला न येणारे आवाज : सिंग, रिंग यांच्या शेवटचा आवाज इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही. त्याचा अनुप्रास करता येणारच नाही. मुलांना विचारा, "मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द सांगा बरं!" थोडा वेळ शोधतात, मग हसतात. प्रत्येक भाषेचे असे नियम असतात, हे खेळातूनच कळतं.

वर्गात कसं घ्यायचं?

१. आधी तोंडी. वही-पेन्सिल बंद. शिक्षकांनी दोन शब्द म्हणायचे, सुरुवात सारखी असेल तर मुलांनी टाळी द्यायची. काइट-कॅट, सिटी-कॅट, नी-नोज, व्हॅन-वॉच. स्पेलिंग अजिबात दाखवायचं नाही.

२. मग शब्दसंग्रह. मुलांच्या घरात, दुकानात, एसटी स्टँडवर ऐकू येणारेच इंग्रजी शब्द घ्या. शब्दकोशातून अवघड शब्द काढून पाठ करायला देऊ नका. माहीत नसलेल्या शब्दाचा अनुप्रास म्हणजे नुसती पोपटपंची.

३. खोक्यांचा खेळ. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर अक्षर न लिहिता चित्र लावा : मधमाशी झ साठी, गोल ओठ डब्ल्यूसाठी, दात-ओठ व्ही साठी. शब्दपट्ट्या आवाजाप्रमाणे टाकायच्या आणि 'का टाकली' हे सांगायचं. बरोबर उत्तरापेक्षा हे 'का' महत्त्वाचं.

४. जोडी, मग वाक्य. आधी विशेषण आणि नाम : क्विक क्वीन, यलो याक, व्हायोलेट व्हॅन. मग त्यात क्रियापद घालायचं. मध्ये 'द', 'अ', 'इन' असे छोटे शब्द आले तरी अनुप्रास मोडत नाही.

५. शेवटी स्पेलिंग. आता पट्ट्या उलटून एकाच आवाजाची वेगवेगळी स्पेलिंग शेजारी शेजारी लिहायची. मुलं स्वतःच म्हणतात, "अरे, जिराफला जी आहे!" हे त्यांनी शोधलेलं असतं, म्हणून लक्षात राहतं.

एक पथ्य : वाक्याला अर्थ हवा. झेडचे पाच शब्द ओळीने मांडले म्हणजे वाक्य होत नाही. ज्याचं चित्र काढता येईल तेच वाक्य घ्यायचं, असा नियम ठेवला की आपोआप जमतं.

पालकांसाठी दोन शब्द

तुमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. या खेळाला इंग्रजी बोलता येणं लागत नाही, ऐकता येणं लागतं. बाजारात जाताना पाट्या वाचा. झेरॉक्स, ज्यूस, व्हेज, जिम, क्वालिटी हे शब्द घ्या आणि विचारा, "याच्यासारखी सुरुवात असलेला अजून एक शब्द कोणता?" तक्ता विकत घेताना एक्सच्या चित्राकडे बघा आणि मुलाला सांगा, "इथे झ ऐकू येतो, पण बॉक्समध्ये वेगळा." मूल चुकलं तर स्पेलिंग दाखवू नका, शब्द पुन्हा म्हणायला लावा.

याचा पुढे उपयोग काय?

एक उपयोग तर व्याकरणात लगेच दिसतो. 'अ' कधी आणि 'ॲन' कधी, हा प्रश्न मुलांना वर्षानुवर्षं छळतो. 'स्वर असेल तर ॲन' असं पाठ केलेलं मूल 'ॲन युनिफॉर्म' लिहितं आणि 'अ अवर' लिहितं. ज्याने वरचे खेळ खेळले आहेत त्याला माहीत असतं की युनिफॉर्म य ने सुरू होतो, म्हणून 'अ युनिफॉर्म'. अवरमधला एच मुका, म्हणून 'ॲन अवर'. एक्स-रे ए ने सुरू होतो, म्हणून 'ॲन एक्स-रे'. आणि वन व ने, म्हणून 'अ वन-रुपी कॉइन'. नियम तोच आहे, फक्त तो अक्षराचा नसून आवाजाचा आहे.

दुसरा उपयोग वाचनाचा. नवीन शब्द समोर आला की हे मूल थांबतं आणि विचार करतं, "इथे हे अक्षर कोणतं काम करतंय?" असं थांबणं म्हणजे अडखळणं नव्हे, तीच वाचनाची सुरुवात आहे. अशा वेळी वर्गाने हसू नये आणि आपणही घाई करू नये.

तेव्हा या आठवड्यात एकच पान घ्या, झेडचं किंवा वायचं. मुलांना कान देऊन ऐकू द्या, वाक्यं करू द्या आणि ती वर्गातल्या भिंतीवर लावा. आणि पट्टी वेगळ्याच खोक्यात टाकणारं मूल दिसलं, तर 'चुकलं' म्हणण्याआधी एकदा नक्की विचारा, "का टाकलीस?"